जपानमध्ये विमान बदलताना हाती आलेली एक रात्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-पुण्याहून अमेरिकेला जाणारी पुष्कळ मंडळी आखातातून जातात, पण पश्चिम किनाऱ्यावर मुलं-सुना असलेले बरेच जण टोकियोमार्गे जातात. या मार्गावर पुष्कळदा रात्रभराचा थांबा पदरात पडतो. मी स्वतः हा थांबा चार वेळा घेतला आहे, त्यातला एक आईबरोबर. ओळखीतलं कोणी निघालं की मला तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

भारतीय पासपोर्टवर विमानतळाबाहेर पडता येतं का?

व्हिसा असेल तर येतं, नसेल तर नाही. अमेरिकेचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड जपानच्या दारात चालत नाही. हा गैरसमज इतका पसरला आहे की ते सगळ्यात आधी सांगावंसं वाटतं.

भारतात राहणाऱ्यांना एप्रिल २०२४ पासून पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो. अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रातून करायचा. हा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो. इमिग्रेशनच्या खिडकीवर तो फोनवर, इंटरनेट चालू ठेवून दाखवावा लागतो. छापलेला कागद किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. विमानतळावर मोफत वायफाय आहे, त्यामुळे अडत नाही, पण फोनची बॅटरी संपलेली असेल तर पंचाईत. विमानातून उतरायच्या आधी फोन चार्ज करून ठेवा.

‘शोअर पास’ नावाची एक सवलत आहे. पुढचं पक्कं तिकीट असलेल्या प्रवाशाला ७२ तासांपर्यंत व्हिसाशिवाय उतरू देतात. पण ती द्यायची की नाही हे पूर्णपणे तिथल्या अधिकाऱ्याच्या हातात असतं. त्या भरवशावर रात्रीचा बेत आखू नका.

बाहेर पडायचंच नसेल तरी व्हिसा लागतो का?

एकाच विमानतळावर, एकाच तिकिटावर, आंतरराष्ट्रीय विमानातून आंतरराष्ट्रीय विमानात जायचं असेल आणि इमिग्रेशन ओलांडायचं नसेल, तर लागत नाही. अडचण येते ती तीन ठिकाणी.

पहिली म्हणजे दोन वेगवेगळी तिकिटं. बॅगा पुढे जाणार नसतील तर त्या घ्यायला इमिग्रेशनच्या बाहेर यावं लागतं, म्हणजे व्हिसा आलाच. दुसरी म्हणजे टोकियोच्या नारिता आणि हानेदा या दोन विमानतळांपैकी नारिता. हा विमानतळ रात्री झोपतो. मध्यरात्रीनंतर सकाळी सहापर्यंत तिथे विमानं उतरत-उडत नाहीत, आणि ट्रान्झिटच्या, म्हणजे इमिग्रेशनच्या अलीकडच्या, भागात रात्रभर बसू देत नाहीत. रात्रीचा थांबा नारिताला असेल तर व्हिसा हवाच असं धरून चाला. हानेदाच्या टर्मिनल ३ मध्ये मात्र रात्रभर वर्दळ असते.

तिसरी गोष्ट माझ्याच बाबतीत झाली. एका एजंटने मला हानेदाला उतरवून नारिताहून उडवलं. ‘दोन्ही टोकियोच, सर,’ असं तो म्हणाला होता. तिकिटावर शहराचं नाव एकच दिसत होतं, म्हणून मीही नीट पाहिलं नाही. हे दोन विमानतळ एकमेकांपासून बसने सव्वा-दीड तासावर आहेत. सुदैवाने माझ्याकडे व्हिसा होता. रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या जोडप्याकडे नव्हता, आणि त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. तिकिटावर एचएनडी आणि एनआरटी ही तीन-तीन अक्षरं स्वतः वाचा. एचएनडी म्हणजे हानेदा, एनआरटी म्हणजे नारिता.

बारा तासांचा थांबा आहे. टोकियो बघून होईल?

नाही होणार, आणि तो हट्ट धरूही नये. हिशोब मांडून बघा. रात्री नऊला विमान टेकलं. इमिग्रेशन, बोटांचे ठसे, कस्टम्स या सगळ्यात दहा वाजतात. सकाळी नऊच्या विमानासाठी पावणेसात-सातला परत यायचं. मधे उरले नऊ तास, आणि त्यातले मधले पाच तास रेल्वे बंद असते. टोकियोच्या गाड्या रात्री बाराच्या आसपास थांबतात आणि पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतात. शेवटची गाडी चुकली तर टॅक्सी. रात्री दहा ते पहाटे पाच टॅक्सीचं भाडं वीस टक्के जास्त असतं.

पहिल्या खेपेला मी आईला घेऊन एका संध्याकाळीत तीन ठिकाणं करायला निघालो होतो. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत तिचे पाय इतके सुजले की चपलेचा पट्टा लागेना. ती काही बोलली नाही, जिन्याशी नुसती उभी राहिली. त्या दिवसापासून माझा नियम ठरला आहे : एका थांब्यात एकच ठिकाण, आणि तेही विमानतळाच्या जवळचं.

थांबा बारा तासांचा असेल तर अंघोळ आणि झोप. रात्री आठला उतरून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचचं विमान असेल, तर रात्री झोप आणि सकाळी एक जागा. मधल्या रात्री शहरातल्या शिबुया भागाचे दिवे बघत जागरण करण्यात अर्थ नाही. पुढे दहा तासांचं विमान आहे.

हानेदाला रात्र काढायची असेल तर कुठे?

टर्मिनल ३ चोवीस तास उघडं असतं. पैसे खर्च करायचे नसतील तर बाकांवर पाठ टेकता येते. दिवे जळत राहतात, सूचना ऐकू येत राहतात. अंगावर घ्यायला शाल आणि डोळ्यांवर बांधायला पंचा ठेवा. मध्यरात्री पोलीस येऊन पासपोर्ट बघतात. ते अदबीने विचारतात, घाबरायचं कारण नाही.

झोप हवी असेल तर टर्मिनललाच लागून हॉटेलं आहेत. रॉयल पार्क इमारतीतच आहे आणि त्याचा एक भाग ट्रान्झिटमध्ये आहे, म्हणजे व्हिसा नसलेल्यालाही तिथे खोली मिळू शकते. खोल्या थोड्या आहेत, त्यामुळे आधी राखून ठेवा. दुसरं म्हणजे २०२३ मध्ये पूर्ण सुरू झालेलं हानेदा एअरपोर्ट गार्डन. त्याच्या वरच्या मजल्यावर गरम पाण्याचं स्नानगृह आहे, ‘इझुमी तेन्कू नो यू’. पैसे वसूल होतील अशी विमानतळावरची ही एकच जागा, असं माझं मत आहे. साधारण पाच हजार येन पडतात. रात्री एकनंतर थांबलात तर वेगळा, चांगलाच मोठा आकार लागतो, आणि सकाळी दहा ते एक साफसफाईसाठी बंद असतं.

मी हिवाळ्यात पहाटे तिथे गेलो होतो. बाहेर अजून अंधार होता, पाण्याची वाफ काचेवर जमून ओघळत होती. मग समोर एकेक करून विमानांचे दिवे फिके पडले आणि पश्चिमेला क्षितिजाच्या वर एक पांढरा त्रिकोण दिसू लागला. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने हात न हलवता, फक्त हनुवटीने दाखवलं, ‘फुजी-सान’. आभाळ स्वच्छ असेल तरच हे दिसतं, उन्हाळ्यात आशा ठेवू नका.

तिथे खरंच कपडे काढून सगळ्यांबरोबर बसतात?

हो. बायका आणि पुरुष वेगवेगळे असतात, पण आत कोणाच्याच अंगावर काही नसतं आणि पोहण्याचा पोशाखही चालत नाही. आपल्याकडच्या माणसाला पहिली पाच मिनिटं जड जातात. नंतर लक्षात येतं की कोणीही कोणाकडे बघत नाही.

आधी भिंतीशी लहान स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करायची. अंगाला फेस राहता कामा नये. मग कुंडात उतरायचं. केस लांब असतील तर वर बांधायचे. हातातला छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, कडेला ठेवायचा किंवा डोक्यावर. अंगावर गोंदण असेल तर बऱ्याच ठिकाणी आत घेत नाहीत. आपल्याकडच्या आजींच्या हातावर, कपाळावर जुनं गोंदण असतं, त्यामुळे त्यांना नेण्याआधी दारात विचारा. पाणी बऱ्यापैकी कढत असतं. रक्तदाब असलेल्यांनी आधी पाय सोडून बसावं आणि दहा मिनिटांत बाहेर यावं.

एवढा खर्च नको असेल आणि व्हिसा असेल, तर केइक्यू रेल्वेने दहा-बारा मिनिटांवर कामाता आहे. त्या भागात मोहल्ल्यातली जुनी सार्वजनिक स्नानगृहं आहेत. त्यांना सेंतो म्हणतात. काही सेंतोंत जमिनीतून येणारं पाणी काळ्या चहासारखं असतं, त्याला ‘कुरोयू’ म्हणतात. दर साधारण साडेपाचशे येन. टॉवेल आपला न्यायचा.

हानेदाजवळ तासाभरात बघण्यासारखं काही आहे?

टर्मिनल ३ च्या आतच चौथ्या मजल्यावर एदो काळातल्या, म्हणजे जुन्या टोकियोतल्या गल्लीसारखी दुकानं मांडली आहेत, लाकडी निहोनबाशी पुलाची छोटी प्रतिकृतीही आहे. पाय मोकळे करायला ठीक.

मला मात्र एक वेगळी जागा सुचवावीशी वाटते. टर्मिनल ३ हून एका स्टेशनावर तेन्कूबाशी आहे. तिथून काही मिनिटं चाललं की नदीच्या काठावर एकटंच उभं असलेलं मोठं लाल तोरी दिसतं. तोरी म्हणजे शिंतो या जपानच्या मूळ धर्माच्या देवळाची कमान. तिच्या मागे देऊळ नाही. आज जिथे धावपट्ट्या आहेत तिथे पूर्वी कोळ्यांची वस्ती आणि आनामोरी इनारीचं देऊळ होतं. सप्टेंबर १९४५ मध्ये युद्ध हरल्यावर ताबा घेणाऱ्या सैन्याने विमानतळ वाढवण्यासाठी त्या गावकऱ्यांना अठ्ठेचाळीस तासांत घरं सोडायला लावली. देऊळ गेलं, घरं गेली, ही कमान मात्र पुढची कितीतरी वर्षं विमानतळाच्या आवारातच उभी होती. १९९९ मध्ये ती इथे काठावर आणून उभी केली. वर पाटी आहे, तिच्यावर ‘शांती’ अशा अर्थाची अक्षरं आहेत. देऊळ आता जवळच्या वस्तीत नव्याने बांधलेलं आहे. कोयनेच्या किंवा उजनीच्या पाण्यात ज्यांचं गाव गेलं त्यांना ही कमान वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

पहाटे पहिल्या गाडीने जा. नदीवर मासे धरणारे दोन-चार लोक असतात आणि डोक्यावरून पहिली विमानं जातात.

असाकुसा, त्सुकिजी हे पहाटे होऊ शकतं का?

हानेदाहून होऊ शकतं, पण दोन्हीपैकी एकच. केइक्यूच्या काही गाड्या थेट असाकुसापर्यंत जातात, साधारण चाळीस मिनिटं. असाकुसातल्या सेन्सोजी देवळाचं आवार कायम उघडं असतं, मुख्य गाभारा सकाळी सहाला उघडतो, ऑक्टोबर ते मार्च साडेसहाला. दुपारी जिथे मुंगीला शिरायला जागा नसते तिथे सकाळी साडेसहाला झाडूचा आवाज ऐकू येतो.

त्सुकिजीचा घाऊक मासळीबाजार २०१८ मध्ये तोयोसूला हलला. मूळ जागी आहे तो बाहेरचा बाजार, खाण्याची आणि सुक्या मालाची दुकानं. मासे खाणाऱ्यांनी जरूर जावं, रविवार सोडून.

नारिताला रात्र आहे. विमानतळावर थांबू की गावात जाऊ?

गावात जा. नारिता विमानतळ टोकियोपासून साठेक किलोमीटर दूर आहे. स्कायलायनर ही वेगवान गाडी टोकियोतल्या निप्पोरीला छत्तीस मिनिटांत नेते हे खरं, पण रात्री शहरात जाऊन पहाटे परत येण्यात हाती काही लागत नाही. त्याऐवजी नारिता हे गाव दहा मिनिटांवर आहे. तिकीट तीनशे येनच्या आत आणि हॉटेलं टोकियोपेक्षा स्वस्त. बऱ्याच हॉटेलांची विमानतळावरून मोफत बस असते, तिची शेवटची वेळ आधी विचारून ठेवा.

विमानतळावरच झोपायचं असेल तर टर्मिनल २ च्या पार्किंगच्या इमारतीत ‘नाइन अवर्स’ नावाचं कॅप्सूल हॉटेल आहे. एकावर एक रचलेल्या पेट्यांत गादी असते. बायकांचा विभाग वेगळा, सामानाला लॉकर. नुसती अंघोळ करूनही निघता येतं. बंद जागेत जीव घाबरणाऱ्यांनी मात्र तिथे जाऊ नये.

नारिता गावात बघायचं काय?

यासाठीच मी हे सगळं लिहायला घेतलं, असं म्हटलं तरी चालेल.

स्टेशनातून बाहेर पडून उताराच्या जुन्या रस्त्याने पंधरा मिनिटं चाललं की नारितासान शिनशोजी लागतं. हे देऊळ इ.स. ९४० मध्ये स्थापन झालं. शिंगोन पंथाचं आहे, म्हणजे बौद्ध धर्माची ती मंत्र-तंत्राची शाखा जी भारतातून चीनमार्गे इथे आली. मुख्य देवता फुदो म्योओ. हा मूळचा आपल्याकडचा अचलनाथ. ‘फुदो’चा अर्थही तोच, न हलणारा. हातात खड्ग आणि पाश, मागे ज्वाळा. आणि इथला रोजचा मुख्य विधी आहे ‘गोमा’. हा शब्द म्हणजे आपला ‘होम’.

पुस्तकात वाचून हे मला माहीत होतं, पण तिथे बसल्यावर अंगावर काटा आला. बूट काढून आत जायचं, चटयांवर मांडी घालून किंवा वज्रासनात बसायचं. मोठा ढोल घुमायला लागतो, तो आवाज छातीत जाणवतो. पुजारी येतात, मंत्र सुरू होतात आणि मधल्या कुंडात समिधा रचून अग्नी चेतवतात. मंत्रांचे उच्चार जपानी तोंडात बदललेले आहेत, पण मधूनच एखादं ‘सोवाका’ ऐकू येतं. ते आपलं ‘स्वाहा’. शेवटी लोक उठून आपल्या पिशव्या, पाकिटं पुजाऱ्याकडे देतात. तो ती ज्वाळांजवळून फिरवून परत देतो. आईने तिची प्रवासाची पर्स दिली होती, आत दोघांचे पासपोर्ट. परत घेतल्यावर तिने ती कपाळाला लावली. शेजारच्या जपानी बाईनेही तिची पिशवी अगदी तशीच कपाळाला लावली होती.

विधी चालू असताना आत फोटो काढायचे नाहीत. प्रवेशाला पैसे नाहीत. पहिला होम ऋतूप्रमाणे पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास असतो, पुढचे नऊनंतर. पहाटेचा गाठायचा असेल तर गावात मुक्काम हवा. नंतर आवार फिरा : १७१२ चा तीन मजली रंगीत पॅगोडा आणि मागची मोठी बाग.

परतीच्या रस्त्यावर उनागीची, म्हणजे वामासारख्या लांब माशाची दुकानं आहेत. कावातोयो १९१० पासूनचं आहे, दारातच फळ्यावर मासे साफ करताना दिसतात. शाकाहारी असाल तर योनेयाचं कुरी-योकान घ्या : लाल चवळीसारख्या दाण्यांची, साखरेची घट्ट वडी आणि तिच्यात अख्खं चेस्टनट. ती समुद्री शेवाळापासून केलेल्या अगारने जमवतात, जिलेटीनने नाही. नातेवाइकांना न्यायलाही हीच बरी, टिकते.

शाकाहारी माणसाने खायचं काय?

जपानात ‘भाज्यांचं’ दिसणारं बरंचसं माशाच्या पाण्यात शिजलेलं असतं. त्या पाण्याला दाशी म्हणतात. मिसो सूप, सोबा नूडल्स, शिजवलेल्या भाज्या, सगळ्यात ती असते. रात्री उघडं असेल ते कन्व्हिनियन्स स्टोअर. तिथे उमेबोशी, म्हणजे आंबट-खारट मुरवलेलं फळ, घातलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचा त्रिकोण, त्यातल्या त्यात सुरक्षित. उकडलेल्या एदामामे, म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा, केळी, भाजलेलं रताळं, साधं टोफू मिळतं. दहीभात खाणाऱ्यांनी दह्याचा डबा नीट पाहून घ्यावा, काहींत जिलेटीन असतं.

टोकियो स्टेशनवरून जाणार असाल तर तिकीट गेटच्या आत ‘टीज तानतान’ हे उपाहारगृह आहे, तिथलं रामेन, म्हणजे सूपमधल्या नूडल्स, पूर्ण वनस्पतिजन्य आहे. टोकियोतल्या निशि-कासाई भागात भारतीय वस्ती मोठी आहे. तो भाग ज्या एदोगावा वॉर्डात येतो त्याच्या स्थानिक सभेवर २०१९ मध्ये मूळचे भारतातले, आपले योगेंद्र पुराणिक निवडून आले होते. तिथे भारतीय जेवण सहज मिळतं, पण रात्रीच्या थांब्यात तेवढ्यासाठी जाऊ नका. त्यापेक्षा मेथीचे ठेपले आणि गूळपोळी बरोबर ठेवा.

कस्टम्समध्ये काय अडतं?

बाहेर पडणार असाल तर ‘व्हिजिट जपान वेब’ या सरकारी संकेतस्थळावर माहिती भरून क्यूआर कोड काढून ठेवा, वेळ वाचतो. ताजी फळं, पालेभाज्या, कढीपत्ता आणि मांसाचे पदार्थ नेऊ नका. आंब्याची पेटी तर मुळीच नको. सर्दीच्या ज्या औषधांत सुडोएफेड्रिनचं प्रमाण दहा टक्क्यांपेक्षा जास्त असतं त्यांवर बंदी आहे, त्यामुळे गोळ्यांचं पाकीट निघण्याआधी वाचा.

प्लग, पाणी, पैसे?

वीज १०० व्होल्ट, दोन चपट्या पिना. आपला प्लग बसत नाही, अडॅप्टर घ्या. नळाचं पाणी पिता येतं. सेव्हन बँकेच्या एटीएममध्ये परदेशी कार्ड चालतं. एका रात्रीला दहा हजार येन पुरतात, हॉटेल वेगळं. घड्याळ साडेतीन तास पुढे करा.

आई-बाबा दोघंच निघालेत, इंग्रजी फारसं येत नाही. त्यांनी काय करावं?

त्यांच्यासाठी हानेदाचा, एकाच तिकिटावरचा थांबा निवडा आणि तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मदत मागून ठेवा. चालता येत असलं तरी मागा. माणूस गेटपासून गेटपर्यंत बरोबर राहतो. चेक-इनला बॅगेवरची चिठ्ठी शेवटच्या गावापर्यंतची आहे ना, हे त्यांना नाही, तुम्ही स्वतः पाहा. रात्रीची औषधं, एक कपड्यांचा जोड आणि शाल हातातल्या पिशवीत द्या.

मी आईला दोन चिठ्ठ्या दिल्या होत्या. एकीवर जपानी लिपीत पुढच्या विमानाचा क्रमांक आणि वेळ. दुसरीवर ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन, दाशी मो दामे देसु’, म्हणजे मांस-मासे खात नाही, दाशीही चालत नाही. खाली तेच देवनागरीत, तिला वाचता यावं म्हणून. दुकानातल्या मुलीने ती चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली, वाचली, आणि काउंटरमागून बाहेर येऊन फळीवरची उमेबोशीची ओनिगिरी आईच्या हातात दिली. ती चिठ्ठी अजून आईच्या पासपोर्टमध्ये आहे. पुढच्या खेपेला लागेल म्हणते.